सोल्गाबीरोच्या सहीखाली

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तू विचारलंस की १८४८ च्या हंगेरीत गावोगाव फिरणारा सोल्गाबीरो, म्हणजे तालुक्याचा दंडाधिकारी, स्वतः उमराव घराण्यातला, मग तो क्रांतीच्या बाजूचा की विरोधातला? निबंध या प्रश्नावर उभा करू नकोस. वेठ रद्द करणारा कायदा पोझोनीच्या (आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या) विधिसभेत उमरावांनीच मंजूर केला. तो गावच्या अंगणात वाचून दाखवायला जो माणूस गेला, त्याचीही शेतं त्या सकाळपर्यंत वेठीनेच नांगरली जात होती. म्हणून बाजू विचारू नकोस. सोमवारी त्याच्या टेबलावर काय आलं आणि त्याने त्याचं काय केलं, हे विचार.

आधी शब्द नीट समजून घे. ‘सोल्गा’ म्हणजे सेवक आणि ‘बीरो’ म्हणजे न्यायाधीश. हा सेवक घरगडी नव्हे. तेराव्या शतकात थेट राजाच्या चाकरीत असलेले स्वतंत्र लढवय्ये होते, ते हे राजसेवक. १२२२ मध्ये राजा दुसरा आंद्राश याने त्यांना सोन्याच्या मुद्रेची सनद दिली. दहा वर्षांनी, १२३२ मध्ये, झॉला नदीच्या दोन्ही काठांवरच्या राजसेवकांनी आपसातले खटले आपणच निकाली काढण्याची मुभा राजाकडून मिळवली आणि त्याचा कागद करून ठेवला. तो कागद केहिदा गावाच्या नावाने ओळखला जातो. सहाशे वर्षांनी त्याच केहिदात, पुढे १८४८ मध्ये न्यायमंत्री झालेल्या देआक फेरेंत्स यांचा वाडा होता, जिथे तू पुढच्या महिन्यात जाणार आहेस. म्हणजे सोल्गाबीरो हा राजाने वरून बसवलेला अंमलदार नव्हता. उमरावांनी आपल्यातून निवडून दिलेला तो न्यायाधीश होता. त्याची सगळी ताकद आणि सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

उमराव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हवेल्या आणि नोकरचाकर येतात. हंगेरीत साधारण वीस माणसांमागे एक ‘नेमेश’, म्हणजे उमराव. त्यातले बहुतेक जण शेजारच्या कुळाइतकेच गरीब होते. त्यांना ‘वहाणा घालणारे उमराव’ आणि ‘सात आलुबुखारांचे उमराव’ म्हणत, कारण मालमत्ता म्हणजे परसातली सात झाडं. पण हक्क सगळ्यांना सारखे. कायदेपंडित वेर्बोत्सी यांनी १५१४ मध्ये देशाच्या रूढ कायद्याचं संकलन केलं, त्यात हे हक्क नोंदले आहेत: रीतसर समन्स आणि शिक्षा झाल्याशिवाय अटक नाही, राज्याभिषेक झालेल्या राजाशिवाय कुणाची हुकमत नाही, कर नाही. राजाने कायदा मोडला तर त्याच्याविरुद्ध उठण्याचा चौथा हक्कही होता. तो १६८७ मध्ये काढून घेतला गेला.

जिल्ह्याला ‘वार्मेद्ये’ म्हणत. त्याच्या डोक्यावर फेइश्पान, राजाने नेमलेला आणि पुष्कळदा दूर राहणारा. खरा कारभार अलिश्पानाचा, आणि तो निवडून येई. वार्मेद्येचे तालुके पाडलेले असत. प्रत्येक तालुक्याला एक मुख्य सोल्गाबीरो, त्याच्या हाताखाली दुय्यम सोल्गाबीरो आणि शपथ घेतलेले सहायक. याशिवाय वार्मेद्येच्या न्यायासनावर बसण्याचा मान असलेले ‘ताब्लाबीरो’ होते. देआक हे १८२९ मध्ये ताब्लाबीरो झाले. त्याआधी ते अनाथांच्या मंडळाचे लेखनिक होते. त्यांची स्वतःची आई त्यांच्या जन्मातच गेली आणि वडील ते पाचेक वर्षांचे असताना गेले, हे लक्षात ठेवून त्या मंडळाचे कागद वाच.

आता पैशाकडे ये, कारण गाडं तिथेच अडतं. वार्मेद्येत दोन मुख्य कर होते: सैन्यासाठीचा ‘हादी’ कर आणि जिल्ह्याच्या खर्चासाठीचा ‘हाझी’, म्हणजे घरचा कर. दोन्ही कुळं भरत; उमराव भरत नसत. सोल्गाबीरोचा पगार या घरच्या करातून निघे. म्हणजे ज्या माणसाला त्याने निवडून दिलं नाही, जो त्याला पदावरून काढू शकत नाही, त्याच माणसाच्या पैशावर तो जगे, आणि ज्यांनी निवडून दिलं ते एक क्रुत्सारही देत नसत. शिवाय तो तालुक्यात फिरे ते ‘फोर्श्पोंत’वर, म्हणजे गावाने सक्तीने पुरवलेल्या गाडीघोड्यांवर. पेरणीच्या आठवड्यात सोल्गाबीरो आला की एका कुटुंबाची जनावरं दिवसभर त्याच्या गाडीला. त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज का बदलत असे, ते यावरून कळेल.

त्याच्याकडे काय काय कामं होती? छोट्या रकमांचे तोंडी दावे, रस्ते आणि पूल, सैनिकांच्या मुक्कामाची घरं ठरवणं, कराची वाटणी, पेटलेल्या गंजीची चौकशी, गावच्या पाटलाची निवड. ही निवडही अशी की जमीनमालक नावं सुचवे आणि गाव त्यांतून एक निवडे. जमीनमालकाचं स्वतःचं न्यायालय असे, ‘उरीसेक’. कुळाने मालकाविरुद्ध तक्रार केली तरी ती आधी मालकाच्याच बैठकीत. तिथे सोल्गाबीरो आणि त्याचा सहायक कायद्याचे साक्षीदार म्हणून हजर असलेच पाहिजेत. ते नसतील तर निकाल पोकळ. तो मालकाच्या टेबलावर जेवे, मालकाच्या मताने निवडून येई, आणि कुळाचं रक्षण करायला तिथे बसे. यात किती जण वाकले नसतील! तरी काही वाकले नाहीत, आणि त्यांची नोंद तुला निकालात कमी आणि आक्षेपांच्या टिपणात जास्त सापडेल. कुळाला देण्याची ठरलेली शिक्षा काठीचे पंचवीस फटके. त्याला ‘देरेश’ नावाच्या बाकावर पालथं बांधत. उमरावाला मात्र काठी लावता येत नसे.

वेठीचा हिशेब नीट समजला नाही तर १८४८ समजणार नाही. वेठीला तिथे ‘रोबोत’ म्हणत. (यंत्रमानवाला जगभर जे नाव पडलं ते याच स्लाव मुळातून.) मारिया तेरेझा राणीने १७६७ मध्ये तिची मोजणी पक्की केली. आधी गावागणिक नऊ प्रश्न विचारले: पूर्वी करार होता का, रूढी काय, कुळाला सोडून जाण्याची मुभा आहे का, असे. उत्तरं लोकांच्या भाषेत घेतली आणि मग प्रत्येक गावाचा तक्ता बनवला. पूर्ण ‘तेलेक’, म्हणजे पूर्ण कुळजमीन धारण करणाऱ्यावर वर्षाला जनावरांसह ५२ दिवस किंवा हाताने १०४ दिवस काम. घर असलेल्या पण जमीन नसलेल्या ‘झेल्लेर’वर १८ दिवस, घरही नसलेल्यावर १२. पिकाचा नववा भाग मालकाला, दहावा चर्चला. वर्षाला एक फोरिंट घरपट्टी, निम्मी वसंतात संत जॉर्जच्या दिवशी, निम्मी शरदात संत मायकेलच्या दिवशी. वर दोन कोंबडीची पिल्लं, दोन खच्ची कोंबडे, बारा अंडी आणि थोडं लोणी.

पूर्ण तेलेकची शेतजमीन सोळा ते चाळीस होल्ड. माती कसदार असेल तर कमी, हलकी असेल तर जास्त. इथे एक खाचखळगा आहे. होल्ड एकच नाही. १,२०० चौरस वावांचा (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) होल्ड आपल्या एक एकर अडीच गुंठ्यांच्या जरा वर जातो. पुढे मोजणी खात्याने पक्का केलेला १,६०० चौरस वावांचा होल्ड जवळजवळ एक एकर सतरा गुंठ्यांचा. १,००० आणि १,१०० वावांचेही सापडतात. कागदावर नुसतं ‘होल्ड’ दिसलं तर बेरीज करू नकोस, आधी गावाचं माप शोध.

दिवस मोजायला वही नसे, काठी असे. तिला ‘रोवाश’ म्हणत. लाकडाची चपटी काठी उभी चिरून दोन फाळ्या करायच्या. एक कुळाकडे, एक मालकाच्या देखरेख्याकडे. दिवस भरला की दोन्ही फाळ्या जुळवून धरायच्या आणि दोन्हींवरून एकच आडवी खाच पाडायची. एकट्याने खाच वाढवली तर दुसऱ्या फाळीशी जुळत नाही, म्हणजे लबाडी उघडी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी याहून चोख पावती मी पाहिलेली नाही. भांडण खाचेच्या संख्येवर क्वचित होई. भांडण होई ते ‘दिवस’ कशाला म्हणायचं यावर. सूर्योदय ते सूर्यास्त, त्यात जाण्यायेण्याचा आणि जनावरांना चारायचा वेळ धरायचा, असा नियम. देखरेख्या म्हणे, पाऊस आला, काम अर्धंच झालं, अर्धी खाच. कूळ म्हणे, मी सकाळपासून बांधावर उभा आहे. असली भांडणं चढत चढत सोल्गाबीरोपर्यंत येत.

आणि वेठीचं काम कसं होई? कूळ येताना सर्वात अशक्त बैल आणि बोथट फाळ घेऊन येई. चांगली जोडी घरच्या शेतात. सुधारक सेचेनी इश्तवान यांनी १८३० मध्येच उमरावांना हे कठोरपणे सांगितलं होतं की वेठीने तुम्ही श्रीमंत होत नाही, आळशी होता. दुसरा गळफास ‘ओशीशेग’चा. १३५१ पासूनचा हा नियम असा की वंशाची जमीन वंशाबाहेर जाता कामा नये. विकली तरी पिढ्यांनंतर नातेवाईक परत मागू शकत. मग त्या जमिनीवर कर्ज देणार कोण? हजार होल्डांचा धनी, पण रोकड नाही. हा मुद्दा ध्यानात ठेव, पुढे लागेल.

निवडणुका दर तीन वर्षांनी. फेइश्पान नावं जाहीर करी आणि जमलेले उमराव ओरडून किंवा शिरगणतीने मत देत. सात आलुबुखारांच्या उमरावालाही तेच एक मत, म्हणून त्याची किंमत ठरे: दारू, मांस, टोपीला पीस, हातात शिसं भरलेली काठी. १८४३ मध्ये देआक यांच्या झॉला वार्मेद्येत उमरावांनीही कर भरावा की नाही या प्रश्नावर असा धुमाकूळ झाला. आधी कर नको म्हणणाऱ्यांनी गरीब उमरावांचे जथे आणले. फेरनिवडणुकीत सुधारणावाद्यांनीही तेच केलं आणि रक्त सांडलं. देआक निवडून आले, पण अशा मतांवर आलेलं प्रतिनिधित्व त्यांनी घेतलं नाही. त्यांचे स्वतःचे मित्र रागावले. मला वाटतं त्यांचं पुढचं सगळं आयुष्य समजायला हा एक नकार पुरेसा आहे. त्यावर तू दोन पानं तरी लिही.

१८३१ विसरू नकोस. त्या वर्षी पटकी आली. अंमलदारांनी विहिरींत क्लोरीनयुक्त चुना टाकायला लावला. ईशान्येकडच्या जिल्ह्यांत लोकांना वाटलं, मालक आपल्याला विष घालताहेत. त्यांनी अंमलदार आणि जमीनदार मारले. नंतर शंभराहून अधिक शेतकरी फासावर गेले. मग फेब्रुवारी १८४६ मध्ये शेजारच्या गॅलिशियात शेतकऱ्यांनी पोलिश उमरावांची कत्तल केली. मार्च १८४८ मध्ये पोझोनीत अफवा पोचली की पेश्तच्या जत्रेत कवी पेतोफी चाळीस हजार शेतकरी घेऊन उभा आहे. ती खोटी होती, पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात १८३१ आणि १८४६ ताजं होतं. औदार्य, सुधारणावाद्यांचे नेते कोशुत लायोश यांचं वक्तृत्व आणि भीती, तिघांनी मिळून तो कायदा केला. यातलं एक जरी गाळलंस तरी चित्र खोटं होईल.

११ एप्रिल १८४८ रोजी राजाने, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राटानेच, कायद्यांना मंजुरी दिली. आठव्याने कर सर्वांना लागू. नवव्याने वेठ, नववा भाग आणि उरीसेक रद्द. तेराव्याने चर्चचा दहावा भाग गेला, पंधराव्याने ओशीशेग. मालकाला भरपाई सरकार देईल, ती राष्ट्राच्या अब्रूच्या ढालीखाली ठेवली आहे, असे शब्द होते. रक्कम आणि तारीख नव्हती.

आता तो सोल्गाबीरो गावात पोचला. अंगणात लोक, कुठे स्लोव्हाक बोलणारे, कुठे रुमानियन, कुठे जर्मन. तो वाचतो, दुभाष्या सांगतो. लोक टोप्या काढतात. आणि मग प्रश्न सुरू होतात, आणि पहिल्याच प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

सुटली ती फक्त तक्त्यात नोंदलेली कुळजमीन. मालकाच्या खासगी जमिनीवर कूळ कराराने राबत असेल तर तो करार तसाच. जंगल तोडून आजोबांनी काढलेलं शेत? तक्त्यानंतर वाढलेला तुकडा? द्राक्षमळ्याचा भाग? गायरान? जंगलातलं सरपण? दारूचं दुकान, खाटिकखाना आणि गिरणी चालवायचा हक्क मालकाकडेच राहिला, आणि लोकांना हे अजिबात पटेना: वेठ गेली म्हणता आणि दारू अजून त्याच्याच खानावळीत घ्यायची? द्राक्षमळ्यांचा भाग सप्टेंबर १८४८ मध्ये रद्द झाला, तोवर एक सुगी भांडणात गेली. सर्वात मोठा अन्याय झेल्लेरांचा. त्यांची कुटुंबं कुळजमीन धारकांपेक्षा जास्त होती. त्यांची वेठ सुटली, घर त्यांचं झालं, पण जमिनीचा ढेकूळही मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात अनेक ठिकाणी लोकांनी गायरानांत गुरं घातली, मालकाची शेतं वाटून घेतली. सोल्गाबीरोला ती परत सोडवायला जावं लागलं, ज्यांना महिन्यापूर्वी स्वातंत्र्य वाचून दाखवलं त्यांच्याकडेच, सोबत शिपाई घेऊन.

गायरानाचा तंटा नीट पाहा, कारण त्यात सगळं दिसतं. पूर्वी गायरान मालक आणि गाव दोघांचं. वाटणी करायची तर मोजणीदार येई, सीमेवर मातीचे उंचवटे उभारत, आणि साक्षीला दोन्हीकडची माणसं त्यांवरून चालवत. बिघडे ते इथे: होल्डांचा आकडा बरोबर असे, पण गावाच्या वाट्याचा तुकडा दूरचा निघे, किंवा पाणी मालकाच्या बाजूला राही, किंवा गुरं न्यायची वाट मालकाच्या पिकातून जाई. आकड्यांत न्याय, जमिनीवर तहान. असा नकाशा सापडला तर आधी पाणवठा शोध, मग क्षेत्रफळ वाच.

याच महिन्यांत याद्यांचं काम आलं. मताधिकाराला खेड्यात पाव तेलेक, शहरात ३०० फोरिंटचं घर, किंवा १०० फोरिंटचं पक्कं वार्षिक उत्पन्न. राष्ट्रीय रक्षकदलात मात्र अर्धा तेलेक, शहरात २०० फोरिंटचं घर, किंवा तेच १०० फोरिंट उत्पन्न, वय वीस ते पन्नास. दोन याद्या, दोन कसोट्या, आणि जमीन बापाच्या नावावर, राबणारे तीन मुलगे. पाव तेलेकाचा माणूस मत देऊ शकतो आणि बंदूक धरू शकत नाही, हे त्याला समजावून सांगणं आलं. पूर्वीच्या उमरावांचा मताधिकार तसाच ठेवला होता, त्यांच्याकडे काही असो वा नसो. शेजारी उभ्या झेल्लेरने ते पाहिलं.

आणि त्याच्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं? वेठीत नुसते हात येत नव्हते. बैल, गाडी, नांगर, दोरखंडही कुळाचेच येत. वेठ गेली तशी मालकाच्या कोठारात नांगर नाही, गोठ्यात बैल नाहीत, मजुरी द्यायला रोकड नाही, आणि ओशीशेगमुळे पिढ्यान्‌पिढ्या कर्जाची पत नाही. भरपाई कागदावर. मध्यम उमरावाचं कंबरडं मोडलं ते असं. ज्याची बैलजोडी आधीपासून होती, जो थोडं मजुरीवर करून घेत होता, तो तरला. म्हणून माणसाची राजकीय भाषणं वाचण्याआधी त्याच्या गोठ्याची यादी मिळते का बघ.

सप्टेंबरात युद्ध आलं. क्रोएशियाचा बान, म्हणजे सम्राटाच्या बाजूचा सुभेदार, येलाचिच ११ सप्टेंबरला द्रावा नदी ओलांडून झॉलातच शिरला. त्याला २९ तारखेला पाकोज्दला थोपवलं. डिसेंबरात नवा सम्राट फ्रान्झ योझेफ, त्याचा सेनापती विंडिशग्रेत्स याचं सैन्य, ५ जानेवारी १८४९ रोजी बुडा-पेश्त पडलं, सरकार देब्रेत्सेनला. वसंतात हंगेरियन सैन्य परतलं, २१ मे रोजी बुडा घेतलं. मग सम्राटाच्या मदतीला रशियन आले आणि १३ ऑगस्टला विलागोशला शस्त्रं ठेवावी लागली. एवढी तारखांची जंत्री पुरे. ती तुला पाठ आहे. सोल्गाबीरोसाठी तिचा अर्थ असा की त्याच टेबलावर सात-आठ महिन्यांत दोन, कुठे कुठे तीन सरकारांचे हुकूम. सगळ्यांनाच ओट, गवत, भाकरी आणि गाड्या हव्यात, तेही उद्या सकाळी. पावती दिली तर हरलेल्या सैन्याच्या पावतीचे पैसे कोण देणार? कोशुत यांच्या सरकारच्या नोटा घेऊन गावाने धान्य दिलं. विलागोशनंतर त्या नोटा शून्य झाल्या, सक्तीने जमा करून उघड्यावर जाळल्या, लपवणं गुन्हा ठरला. आणि त्या नोटा घ्या, त्या खऱ्या आहेत, असं गावाला सांगणारा कोण? तोच.

सम्राटाच्या अंमलात जागेवर राहिला तर हंगेरियन सरकारच्या विशेष न्यायालयाची भीती. जागा सोडली तर गाव उघडं, आणि तिथे कुणीतरी वाईट बसणार. १४ एप्रिल १८४९ रोजी देब्रेत्सेनला सम्राटाचं हाब्सबुर्ग घराणं पदच्युत झाल्याचं जाहीर झालं, त्यानंतर प्रश्न आणखी धारदार झाला: त्या तारखेनंतर पदावर राहणं हे नंतरच्या खटल्यांत मोठं दूषण ठरलं. म्हणून कुठल्याही अधिकाऱ्याची शेवटची सही कोणत्या तारखेची आहे, हे पहिल्यांदा बघ.

तुझ्या प्रदेशातली तीन माणसं शेजारी ठेवून बघ. शोमोद वार्मेद्येचे सोल्गाबीरो नोस्लोपी गाश्पार, तिशीच्या आतले. वसंत १८४९ मध्ये त्यांनी लोकांना हाती धरून आपला जिल्हा परत मिळवला, नंतर लपून राहिले, १८५२ मध्ये सम्राटाला दौऱ्यात पळवण्याच्या कटात सापडले आणि पुढच्या वर्षी पेश्तमध्ये फाशी गेले. झॉलाचे चान्य लास्लो, १७९० चे, देआक यांचे जुने सहकारी; द्रावेच्या आघाडीवर सरकारचे आयुक्त, पुढे मंत्री; १० ऑक्टोबर १८४९ रोजी फाशी. आणि देआक. ते पहिल्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री होते. ३ जानेवारी १८४९ रोजी बॉत्यानी लायोश यांच्याबरोबर तहाची बोलणी करायला बिच्केला गेले. विंडिशग्रेत्सने बिनशर्त शरणागतीच मागितली. देआक केहिदाला परतले, युद्धाच्या सरकारात गेले नाहीत. बॉत्यानी यांना पेश्तमध्ये अटक झाली आणि ६ ऑक्टोबरला, ज्या दिवशी अरादला तेरा सेनानी मारले गेले त्याच संध्याकाळी, गोळी घालण्यात आली. देआक यांची चौकशी झाली, सुटले.

या तिघांची तुलना करताना ‘शूर’ आणि ‘सावध’ असे दोन कप्पे करू नकोस, ही माझी विनंती आहे. १८५० मध्ये व्हिएन्नाच्या न्यायमंत्र्याने कायद्याच्या समितीवर बोलावलं तेव्हा देआक यांनी नकार दिला. त्या काळात नकाराला किंमत मोजावी लागे. वार्मेद्ये मोडून देशाचे पाच विभाग केले होते. परके अंमलदार आले, त्यांना हंगेरियन पद्धतीचा गणवेश चढवला, लोक त्यांना मंत्र्याच्या नावाने ‘बाखचे हुझार’ (हुझार म्हणजे हंगेरियन घोडेस्वार) म्हणत. जुन्या सोल्गाबीरोंपैकी अनेकांनी जागा घेतल्या नाहीत. सैनिक दारात येईपर्यंत कर भरला नाही, जर्मन येत असून समजत नाही म्हटलं. काहींनी जागा घेतल्या, पोटासाठी किंवा गावासाठी. त्यांच्याबद्दल निकाल देण्याआधी त्यांच्या सहीची पत्रं वाच.

वेठ मात्र परत आली नाही. २ मार्च १८५३ च्या सम्राटाच्या हुकमाने मुक्ती कायम केली आणि भरपाई ठरवली: पूर्ण तेलेकामागे वर्गवारीनुसार ३०० ते ७०० फोरिंट, रोखीत नव्हे तर रोख्यांत, आणि ते बाजारात दर्शनी किमतीला विकले जात नव्हते. देआक यांनी १८५४ मध्ये केहिदा विकलं आणि पेश्तला हॉटेलच्या खोलीत राहायला गेले. १८६० च्या शेवटी वार्मेद्ये परत उभ्या राहिल्या, तेव्हा अनेक ठिकाणी १८४८ चेच अधिकारी पुन्हा निवडले गेले.

आता कागदांबद्दल. क्रम असा ठेव: १७६७ चा तक्ता, १८२८ ची शिरगणती, वार्मेद्येच्या सभांची इतिवृत्तं, १८४८ च्या याद्या, शेवटी १८४९ नंतरच्या चौकशीच्या फायली. १८२८ ची शिरगणती करासाठी होती, म्हणून कर न भरणारे उमराव त्यात बहुधा दिसणार नाहीत. ‘गावात उमराव नव्हते’ असं लिहून बसशील. इतिवृत्तं आधी लॅटिनमध्ये, मग मिश्र. हंगेरियन पूर्ण राजभाषा झाली ती १८४४ च्या कायद्याने. लॅटिनमध्ये सोल्गाबीरो ‘युडलियुम’ असा आखडून लिहिलेला असतो, ते गावाचं नाव समजू नकोस. पैशात दोन फोरिंट चालत होते: चांदीचा, आणि व्हिएन्नाचा कागदी; अडीच कागदी म्हणजे एक चांदीचा. रकमेपुढे कोणता ते न पाहता बेरीज केलीस तर पगार अडीचपट दिसेल. गावांची नावं हंगेरियन, जर्मन आणि स्लाव, तिन्ही शोध. माणसांची आडनावं आधी येतात, सूचीत तशीच बघ.

चौकशीच्या फायलीतल्या जबान्या जपून वाच. तिथे प्रत्येक जण म्हणतो, मी बळजबरीने केलं. सम्राटाच्या अधिकाऱ्यापुढे गळ्याला फास असताना दुसरं काय म्हणणार? तीच घटना १८४८ च्या इतिवृत्तात कशी आहे ते शेजारी ठेव. दोन्हींत जे जुळतं तेवढं धर.

केहिदाला जाशील तेव्हा एखाद्या गावाच्या गायरानाचा तंटा १८४८ च्या आधीपासून नंतरपर्यंत सलग मिळतो का, तिथल्या लोकांना विचार. मिळाला तर खाली कुणाची सही आहे आणि पाणवठा शेवटी कुणाकडे गेला, ते मला कळव. थंडी वाढेल, अभिलेखागारात गरम कपडे घालून बस आणि जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आई